माझे काका तारलेले होते का?

मे महिन्यात आमच्या खान्देशात माणूस गेला की पहिली धावपळ बर्फाची असते. काका पहाटे साडेचारला गेले, नऊ वाजेपर्यंत पत्रे असे तापले की घरात उभं राहवत नव्हतं, बर्फाच्या लाद्या दोनदा आणून झाल्या, काकूच्या माहेरचे लोक साक्रीकडून निघाले होते तेही पोचले, आणि तरी आम्ही मयत उचलू शकत नव्हतो कारण मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पंचांचं ठरत नव्हतं. काका २२ वर्षं उपासनेला आले नव्हते, प्रभुभोजन घेतलं नव्हतं, वर्गणी बंद, आणि चारचौघांत सरळ सांगायचे की माझा आता विश्वास राहिला नाही. तर असल्या माणसाला मंडळीच्या कबरस्तानात जागा द्यायची का, आणि दिली तर पाळकांनी कबरेवर पुनरुत्थानाच्या आशेचे शब्द म्हणायचे का, हा पंचांपुढचा प्रश्न. दुपारी दीडला कोपऱ्यातली जागा मिळाली. शब्द म्हणायला दुसऱ्याच मंडळीचे एक रिटायर्ड पाळक आले, ऐंशीच्या घरातला माणूस, डोक्यावर ओला पंचा टाकून. मंडळीचं नाव मी घेणार नाही, त्या पंचांमध्ये अडीअडचणीला धावून येणारी माणसं आहेत, आणि त्यातल्याच एकाने परतताना माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी मायेने सांगितलं, भाऊ, वाईट वाटून घेऊ नका, पण वचन स्पष्ट आहे, ते तारलेले नव्हते, म्हणजे देवाने पापातून सोडवून आपलं केलेल्यांपैकी नव्हते.

त्या एका वाक्यावर मी गेली तीन वर्षं विचार करतोय. मी काही सेमिनरीत शिकलेलो नाही, संडेस्कूल घेतो, वाचतो, आणि प्रभू येशूवर माझा विश्वास आहे, हे आधीच सांगतो म्हणजे कुणाला वाटायला नको की हा बाहेरून बोलतोय. माझं म्हणणं असं आहे की विश्वास सोडून गेलेला माणूस तारला जाऊ शकतो, तो दरवाजा देवाच्या बाजूने बंद झालाय असं शास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही, आणि कबरेच्या कडेला उभं राहून तो बंद झाला असं जाहीर करायचा अधिकार पाळकांना नाही, पंचांना नाही, मलाही नाही.

आता वचन स्पष्ट आहे म्हणतात ते कुठलं, तर इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय. ज्यांना एकदा प्रकाश मिळाला, ज्यांनी स्वर्गीय दान चाखलं, जे पवित्र आत्म्याचे भागीदार झाले आणि मग पतित झाले त्यांना पश्चात्तापाकडे पुन्हा आणणं अशक्य आहे. दहाव्या अध्यायात याहून कडक आहे. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात तर ओकारीकडे परत फिरलेल्या कुत्र्याची म्हण आहे. ही वचनं मी गाळून पुढे जाणार नाही, ती आहेत आणि ती वाचताना माझ्या पोटात गोळा येतो, तसा यायलाच पाहिजे. पण सहावा अध्याय आठव्या ओवीला थांबत नाही ना. नवव्या ओवीत तोच लेखक त्याच दमात म्हणतो की प्रियजनहो, आम्ही असं बोलत असलो तरी तुमच्याविषयी आम्हाला याहून चांगल्या, तारणाच्या गोष्टींची खात्री आहे. म्हणजे पत्र कुणाला लिहिलंय ते बघा. जे अजून बसलेत, ऐकतायत, पण छळामुळे आणि थकव्यामुळे ज्यांचा पाय उंबऱ्याबाहेर पडायला लागलाय, त्यांना ओरडून थांबवणारा तो आवाज आहे. आई गच्चीच्या कठड्यावर चढलेल्या पोराला ओरडते, पडला तर मरशील रे. पोरगं खरंच खाली पडलं तर तीच आई जिन्यावरून अनवाणी धावत जाते, वरून बघत उभी राहून मी सांगितलं होतं असं म्हणत नाही. आम्ही मात्र जिवंत माणसाला थांबवायचं वचन मेलेल्या माणसाच्या कबरेवर वाचतो.

आणि दुसऱ्या बाजूचीही वचनं आहेतच की. योहानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू म्हणतो की माझ्या मेंढरांना माझ्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही. रोमकरांस आठव्यात पौल मरण, जीवन, वर्तमान, भविष्य सगळं मोजतो आणि म्हणतो की यातलं काहीच आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळं करू शकणार नाही. या दोन प्रकारच्या वचनांवरून चर्च ४०० वर्षं भांडतंय. हॉलंडमध्ये आर्मिनियस नावाचा धर्मपंडित १६०९ ला वारला, त्याच्या मागच्या लोकांनी १६१० मध्ये पाच कलमं मांडली, त्यातलं पाचवं कलम याच प्रश्नावरचं, की विश्वासणारा पूर्ण गळून पडू शकतो का, आणि त्यांनी तिथे प्रामाणिकपणे लिहिलं की हे शास्त्रातून अजून नीट तपासावं लागेल. त्याला उत्तर म्हणून १६१८-१९ मध्ये डॉर्टची सभा भरली, ती म्हणाली की खरे पवित्र जन दावीद आणि पेत्रासारखे खोल पडतात पण देव त्यांना पूर्णपणे आणि कायमचं पडू देत नाही. कॅथलिक चर्चने त्याच्या आधीच, १५४७ मध्ये ट्रेंटच्या सभेत, म्हटलं होतं की मिळालेली कृपा गंभीर पापाने गमावता येते, पण पश्चात्तापाच्या संस्काराने ती परत मिळते. मेथडिस्ट पंथाचे लोक आपल्या संस्थापक वेस्लीच्या मागे जाऊन म्हणतात गमावता येतं. आपल्याकडे तर १९७० ला नागपूरला सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा या दोन्ही विचारांत वाढलेली माणसं एकाच छताखाली आली, आणि रविवारी एकाच बाकावर बसतात. इतक्या मोठमोठ्या माणसांना ज्यावर एक होता आलं नाही त्यावर आमच्या पंचांना दोन तासांत वचन स्पष्ट दिसतं हे मला पटत नाही.

आमच्याकडे दोन सोपी उत्तरं चालतात, दोन्हीबद्दल बोलायला पाहिजे.

एक उत्तर असं की एकदा तारला तो कायमचा तारला. कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे मोठ्या प्रार्थनासभेत, हात वर केला, पापाची कबुली दिली, प्रार्थना म्हटली, आता तिकीट कन्फर्म, पुढे काहीही करा. काका गेल्यावर माझ्या आतेभावाने मला हेच सांगून धीर द्यायचा प्रयत्न केला, अरे त्यांनी पंचाहत्तर साली साक्ष दिली होती ना, मग झालं. त्याचं प्रेम मला कळतं पण हे मला घेता येत नाही. मत्तयच्या सातव्या अध्यायात प्रभू प्रभू म्हणणाऱ्यांना तो म्हणतो, मला तुमची ओळख नाही. तारण म्हणजे खिशात ठेवायची पावती असती तर प्रभूने द्राक्षवेल आणि फांद्या कशाला सांगितल्या असत्या, माझ्यामध्ये राहा असं परत परत कशाला सांगितलं असतं. आणि काकांचं तारण जर पन्नास वर्षांपूर्वीच्या एका संध्याकाळवर टांगायचं तर मधल्या सगळ्या आयुष्याला, त्यांच्या नाकारण्याला, काहीच किंमत उरत नाही. ते इतके हलके नव्हते.

दुसरं उत्तर पंचांचं, की ते मुळात खरे विश्वासणारे नव्हतेच. योहानाच्या पहिल्या पत्रात दुसऱ्या अध्यायात आहे, ते आपल्यातून निघाले पण ते आपले नव्हते. आता हे वाक्य योहान कुणाबद्दल लिहितो, तर ख्रिस्तविरोधी शिकवण पसरवत फिरणाऱ्यांबद्दल, ख्रिस्त देहाने आलाच नाही म्हणणाऱ्यांबद्दल. घरात गप्प बसलेल्या म्हाताऱ्याबद्दल नाही. आणि काकांबद्दल हे म्हणणं म्हणजे उघड उघड खोटी साक्ष आहे. एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, हाताला कायम ग्रीसचा वास, पण शनिवारी रात्री हात रॉकेलने घासून घासून धुवायचे, उद्या प्रभुभोजन आहे म्हणून. मला तेविसावं स्तोत्र त्यांनी पाठ करून घेतलं, पांझरेच्या वाळूत चालताना, एकेक ओळ. नाताळच्या आधी भजनाची फेरी निघायची तेव्हा हार्मोनियम डोक्यावर घेऊन फिरायचे. हे जर खोटं होतं तर मग खरं कसं असतं ते मला कुणीतरी दाखवा. या उत्तराची दुसरी अडचण तर फार मोठी आहे, काकांची तीस वर्षं जर आतून पोकळ होती आणि त्यांना स्वतःलाही ते कळलं नव्हतं, तर माझी वीस पोकळ नाहीत हे मला कसं कळणार? खात्री द्यायला निघालेलं उत्तर उलट आत बसलेल्या प्रत्येकाची खात्री काढून घेतं.

काकांनी चर्चला जाणं का सोडलं ते सांगतो. त्यांचा धाकटा, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, २००० साली काविळीने गेला. एकोणीस वर्षांचा होता. अकरा दिवस काका गुडघ्यावर होते. मंडळीही आली प्रार्थनेला, साखळी उपास झाले. आणि मुलगा गेल्यावर तिसऱ्या दिवशी घरी आलेल्या एकाने, बाहेरगावचे प्रचारक होते, सगळ्यांसमोर म्हटलं की घरात कुठेतरी लपलेलं पाप असेल, नाहीतर प्रार्थना ऐकली गेली असती. काका काही बोलले नाहीत. बायबल कापडात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवलं आणि त्या रविवारपासून गेले नाहीत. मंडळीतून पहिल्या महिन्यात दोघं-तिघं आले, मग कुणी आलं नाही. बावीस वर्षांत कुणी आलं नाही. पुढे पुढे ते म्हणायला लागले की देव नाहीच, असता तर दिसला असता. पण हे म्हणताना आवाज असा व्हायचा की समोर कुणीतरी बसलंय आणि त्याला ऐकवायचंय. काकू रोज त्यांच्यासमोर बसून वचन वाचायची, ते उठून जायचे नाहीत. मी एकदा तिला विचारलं तुला भीती नाही वाटत का त्यांची, म्हणजे त्यांच्या आत्म्याची, तर भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यानी देवसंगे बोलनं सोडं, देवनी त्यानासंगे नही सोडं."

अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढून बघा. बहुतेक सगळी विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी उजेडाकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं. तरी ते बायबलमध्ये आहे, कुणी फाडून टाकलं नाही. ईयोबाचे मित्र सगळं शास्त्रशुद्ध बोलत होते, आणि शेवटी देव त्या मित्रांवर रागावला, माझ्याविषयी माझा सेवक ईयोब जसं नीट बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत म्हणून. भांडून तोंड फिरवलेला माणूस आणि देवाचं काही देणंघेणंच नसलेला माणूस, या दोघांना आम्ही सोडून गेलेला हा एकच शब्द वापरतो, तिथेच गडबड सुरू होते.

साक्रीकडे काकूच्या माहेरी ठेलारी लोकांचे वाडे असायचे, मेंढरं घेऊन फिरणारे. लहानपणी मी एकाला विचारलं होतं की मेंढरू चुकलं तर स्वतःहून परत येतं का. तो म्हणाला की शेळी येते एखाद्या वेळेस, मेंढरू नाही येत, ते जिथे चुकतं तिथेच झुडपाखाली बसून राहतं, पुढे पुढे तर ओरडतही नाही, त्याला जाऊनच आणावं लागतं. लूकच्या पंधराव्या अध्यायात तीन दाखले लागोपाठ आहेत, आणि आपण नेहमी तिसऱ्यावर, उधळ्या मुलावरच थांबतो कारण तिथे मुलगा स्वतः उठून येतो, मग आपल्याला म्हणता येतं की तुमचे काका कुठे उठून आले? पण पहिल्या दाखल्यात मेंढरू काहीच करत नाही. मेंढपाळ जातो, आणि सापडेपर्यंत शोधतो. ते शेवटचं महत्त्वाचं आहे, अंधार पडेपर्यंत नाही, दमेपर्यंत नाही, सापडेपर्यंत. चुकलेलं मेंढरू कळपातून गेलेलं असतं पण शंभरातून नाही, मेंढपाळ त्याला धरूनच शंभर मोजत असतो, नाहीतर एक कमी आहे हे त्याला कळलंच नसतं.

परत आणणं खरोखर अशक्य असतं तर याकोबाने आपल्या पत्राच्या अगदी शेवटी असं का लिहिलं असतं की तुमच्यापैकी कुणी सत्यापासून बहकला आणि कुणी त्याला माघारी आणला तर तो एक जीव मरणापासून वाचवेल? पौल गलतीकरांना एका बाजूने तुम्ही कृपेतून पतित झालात म्हणतो, आणि त्याच पत्रात माझ्या मुलांनो म्हणतो, तुमच्यासाठी मला पुन्हा प्रसूतीच्या कळा येतायत म्हणतो. रोमकरांस अकराव्यात तोडलेल्या फांद्यांबद्दल लिहिलंय की देव त्यांना पुन्हा कलम करायला समर्थ आहे. इब्री पत्रातलं अशक्य हे माणसाला अशक्य आहे, हे मी मान्य करतो. श्रीमंत आणि उंटाची गोष्ट सांगताना प्रभूनेच म्हटलंय की जे माणसाला अशक्य ते देवाला शक्य.

आणि हा प्रश्न नवा नाहीये, चर्चने तो रक्ताने माखलेल्या दिवसांत सोडवलाय. इ. स. २४९ च्या शेवटी रोमन बादशहा डेसियसने हुकूम काढला की साम्राज्यातल्या प्रत्येकाने देवांना बळी अर्पण करायचा आणि तसा दाखला घ्यायचा. इजिप्तच्या वाळूत त्यातले चाळीसहून जास्त दाखले सापडलेत, पपायरसवर लिहिलेले, मजकूर साधारण एकसारखा, मी देवांना नेहमीच बळी देत आलोय, आत्ता तुमच्यासमोर पेयार्पण केलं, बळी दिला, प्रसाद चाखला, सही द्यावी. हजारो ख्रिस्ती लोकांनी घाबरून बळी दिला, काहींनी लाच देऊन नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हे सगळे रडत परत आले. रोममध्ये नोव्हेशियन नावाचा पाळक म्हणाला, यांना चर्चमध्ये पुन्हा घेताच येणार नाही. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन काही नरम माणूस नव्हता, चर्चबाहेर तारण नाही हे प्रसिद्ध म्हणणं त्याचंच, आणि तरी २५१ मध्ये त्याच्या सभेने ठरवलं की नुसता दाखला घेतलेल्यांना प्रत्येकाची परिस्थिती बघून परत घ्यायचं, आणि बळी दिलेल्यांना पश्चात्ताप करू द्यायचा, मरणाच्या वेळी तरी सामावून घ्यायचं. थोड्याच काळात नवा छळ येणार अशी चिन्हं दिसली तेव्हा त्यांनी पश्चात्ताप करत थांबलेल्या सगळ्यांनाच आत घेतलं, की येणाऱ्या लढाईत हे निशस्त्र नकोत म्हणून. सिप्रियन स्वतः २५८ मध्ये शहीद झाला. पुढे ३२५ ला नायसियाच्या सभेने नियमच केला. कुणी जबरदस्ती नसताना विश्वास सोडला असेल त्यांनाही बारा वर्षांच्या प्रायश्चित्तानंतर परत घ्यायचं, आणि कुणीही मरायला टेकलेला असेल, तो मागत असेल, तर त्याला शेवटची शिदोरी, म्हणजे प्रभुभोजन, नाकारायचं नाही. ज्या सभेचा मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, आपण दर रविवारी म्हणतो त्या सभेचा हा नियम आहे.

दाखल्यावरून आठवलं, आमच्याकडेही दाखला आहेच. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना ठेवला, १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. खान्देशातल्या किती ख्रिस्ती घरांत मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात हिंदू लिहिलेलं आहे ते आपण सगळे जाणतो, बोलत नाही. नंदुरबारकडे नवापूर, अक्कलकुवा भागात आदिवासी ख्रिस्ती आहेत, अनुसूचित जमातीचा दर्जा धर्माशी बांधलेला नाही म्हणून त्यांचा दाखला आज टिकून आहे, पण धर्म बदललेल्यांना यादीतून काढा अशा मागणीचे मोर्चे निघतातच. माझ्या शेजारच्या एका माणसाने मुलीच्या ॲडमिशनसाठी कागदावर धर्म बदलला आणि दोन वर्षं लाजेने चर्चच्या दारात आला नाही. त्याला मी काय सांगायचं, तू प्रभूला नाकारलंस, आता तोही तुला नाकारील? तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात हे वचन आहे खरं, पण त्याच्या लगेच पुढची ओळ आहे, आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो, कारण त्याला स्वतःला नाकारता येत नाही. दोन ओळी शेजारी शेजारी आहेत आणि मला दोन्ही वाचून दाखवल्या पाहिजेत, पहिली त्याने हलक्यात घेऊ नये म्हणून, दुसरी त्याने घरी परत यावं म्हणून.

पेत्राचं तर सगळ्यांना माहीत आहे, तीनदा प्रभूला नाकारलं, शपथा घालून. पण योहानाने लिहिलेली एक बारीक गोष्ट मला फार उशिरा दिसली. पेत्र नाकारतो तेव्हा तो अंगणात कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत उभा असतो. पुनरुत्थानानंतर तळ्याच्या काठी प्रभू त्याला पुन्हा भेटतो तेव्हा प्रभूने कोळशाचाच विस्तव करून ठेवलेला असतो, वर मासळी, भाकर. पेत्राला कबुलीसाठी कुठल्या समितीपुढे उभं केलं नाही, आधी खाऊ घातलं. आणि मार्कात देवदूत बायांना सांगतो, जा, त्याच्या शिष्यांना आणि पेत्राला सांगा. पेत्राचं नाव वेगळं घेतलं, कारण त्याला वाटत असणार की शिष्य या शब्दात आता आपण येत नाही.

मग प्रभूला धरून देणाऱ्या यहूदाचं काय, असं मला विचारतात. यहूदा तारला गेला असं मी म्हणणार नाही, त्याच्याबद्दल प्रभूचे शब्द फार जड आहेत आणि ते उचलायची माझी ताकद नाही. पण मत्तयचा सत्ताविसावा अध्याय नीट वाचा. यहूदाला पस्तावा झाला, तीस नाणी घेऊन तो याजकांकडे गेला, मी निर्दोष रक्त धरून देऊन पाप केलं अशी कबुली त्याने त्यांच्याकडे दिली. आणि धर्माची गादी सांभाळणारे ते लोक म्हणाले, त्याचं आम्हाला काय, तुझं तू बघ. त्याच्यानंतर तो गेला आणि गळफास घेतला. तुझं तू बघ हे शब्द मला झोपू देत नाहीत, कारण बावीस वर्षं आमच्या मंडळीने काकांना तोंडाने न बोलता हेच सांगितलं.

आता सगळेच काही दुःखाने जात नाहीत. माझा भाचा पुण्याला असतो, शिकलेला, त्याने वाचून, विचार करून सोडलं, कुणावर राग नाही, नाताळला घरी येतो, आजीसाठी चर्चलाही येतो. त्याला तारण या शब्दाचीच गरज वाटत नाही, मामा तू मला वाचवायला बघू नकोस म्हणतो. त्याच्यासमोर मी काकांची गोष्ट लावू शकत नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन सभेने १९६४ मध्ये म्हटलंय की चर्च आवश्यक आहे हे जाणूनही जो त्यात राहायला नकार देतो तो तारला जाऊ शकत नाही, आणि त्याच कागदात थोडं पुढे म्हटलंय की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ओळख झाली नाही पण जे प्रामाणिकपणे शोधतात त्यांना तारण मिळू शकतं. मी प्रोटेस्टंट आहे तरी मला त्यातला 'जाणूनही' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. माझ्या भाच्याने नेमकं काय जाणलं? त्याने आमच्याकडे जे बघितलं, निवडणुकीवरून फुटलेली मंडळी, जमिनीच्या केसेस, आजोबांच्या मयताला बाहेर ताटकळत ठेवलेली तिरडी, त्यालाच त्याने नाकारलं का प्रभूला? १९६५ च्या कागदात त्याच सभेने हेही कबूल केलंय की नास्तिकता वाढण्यात विश्वासणाऱ्यांचा स्वतःचाही हात काही कमी नाही, कारण आपल्या वागण्याने आपण देवाचा खरा चेहरा झाकतो. भाच्याबद्दल मी निकाल देत नाही, काळजी मात्र करतो, रोज नाव घेऊन प्रार्थना करतो, आणि काही फरक पडत नाही असं त्याला कधीच म्हणणार नाही. फरक पडतो. ज्या माणसाला प्रभूचा सहवास मिळाला त्याला तो गमावणं म्हणजे काय ते कळतं, काकांच्या चेहऱ्यावर मी ते बावीस वर्षं बघितलंय.

हे सगळं बोलल्यावर पंच मला म्हणतात की असं उघड सांगितलं तर उद्या कुणी चर्चला येणारच नाही, भीती गेली की मंडळी गेली. मला हे उलट वाटतं. भीतीने बसलेला माणूस संधी मिळाली की जातो, आणि गेलेला माणूस परत यायचं म्हटलं तर कबरस्तानात काय झालं ते त्याला माहीत असतं. नारायण वामन टिळकांची गीतं आपण गातो, १८९५ ला बाप्तिस्मा घेतलेला माणूस, आयुष्याच्या शेवटी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी देवाचा दरबार काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून बसतील अशी त्यांची कल्पना होती. आमच्या रजिस्टरची रेघ आणि ख्रिस्ताची रेघ एकच नाही, हे त्या माणसाला दिसत होतं.

त्या दिवशी कबरेवर रिटायर्ड पाळकांनी काय केलं ते सांगायचं राहिलं. त्यांनी काकूला विचारलं नाही की यांचा विश्वास होता का. पुस्तक उघडलं, नेहमीचेच शब्द, मातीला माती, राखेला राख, आणि मग पुनरुत्थानाच्या आशेने हे वाक्य आलं तेव्हा थांबले, पंचा काढला आणि पूर्ण म्हटलं. परतताना मी त्यांना विचारलं, तुम्ही कशाच्या जोरावर म्हटलंत. ते म्हणाले, बेटा, ती आशा याच्या विश्वासावर बांधलेली असती तर मी कुणाच्याच कबरेवर ते वाक्य म्हणू शकलो नसतो.

जून महिन्यात आमच्या मंडळीची वार्षिक सभा आहे. कबरस्तानाच्या नियमात चालू सभासद आणि वर्गणी पूर्ण अशी अट आहे, ती काढून टाकावी, आणि ज्यांनी येणं बंद केलंय त्यांच्या घरी पंचांनी वर्षातून निदान दोनदा जावं, हिशोब मागायला नाही, बसायला, असा ठराव मी लेखी दिलाय. अनुमोदक म्हणून काकूने सही केलीय. यादी काढायला घेतली तर आमच्या एका मंडळीतच एकतीस घरं निघाली.